पत्र्याला वळण

१९३२ च्या मार्चअखेरीस, महामंदी ऐन भरात असताना, फोर्ड कंपनीने अमेरिकेत एक नवी मोटार बाजारात आणली. तिच्या इंजिनाला आठ सिलिंडर होते. चार या बाजूला, चार त्या बाजूला, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे तिरपे, आणि ते सगळे एकाच बिडाच्या ठोकळ्यात ओतलेले. आठ सिलिंडरचे इंजिन हा तोवर श्रीमंतांचा मामला होता. फोर्डने ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन साडेचारशे-पाचशे डॉलरच्या गाडीत बसवले आणि सामान्य माणसाच्या हाती वेग दिला. तो माणूस त्या वेगाचे पुढे काय करील, याची कल्पना हेन्री फोर्ड यांना असणे शक्य नव्हते.

त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडी उघडी केली. काही वर्षांनी या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, पायऱ्या काढल्या, बंपर काढले, जमले तर बॉनेटही काढून टाकले. ज्याचे वजन आहे आणि ज्यावाचून चाक फिरायचे थांबत नाही, ते सगळे घराच्या मागच्या अंगणात. उरला तो सांगाडा, चार चाके, लहानशी डबी आणि उघडे इंजिन. हीच हॉट रॉड. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी सरोवरे आहेत. पाणी आटून त्यांचा तळ मैलोगणती सपाट आणि टणक झालेला. तिथे ही मंडळी घड्याळ लावून गाड्या पळवत. १९३७ मध्ये वेगवेगळ्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना काढली. ती आजही एल मिराजवर शर्यती भरवते. म्युरॉक मात्र लष्कराने घेतले. आज तो एडवर्ड्स हवाई तळ आहे.

हॉट रॉडचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनांचा आणि वेगाच्या आकड्यांचा म्हणून सांगितला जातो. मला तो पत्र्याचा इतिहास वाटतो. इंजिन विकत मिळते, चाके विकत मिळतात, पण गाडीला जो आकार कारखान्याने कधी दिलाच नाही तो कुठून आणायचा? तो हातानेच घडवावा लागतो. आणि तो घडवणारे लोक दक्षिण कॅलिफोर्नियात निपजले याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात बर्बँकला लॉकहीड, सांता मोनिकाला डग्लस, हॉथॉर्नला नॉर्थ्रॉप असे विमानांचे प्रचंड कारखाने रात्रंदिवस चालू होते. विमान म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे वळणदार कवच. हजारो तरुण ते कापायला, वळवायला, जोडायला तिथे शिकले. युद्ध संपले, कारखान्यांतली कामे आटली, आणि हे शिकलेले हात मोटारींकडे वळले. विमानाचे अवशेषही कामी आले. बिल बर्क नावाच्या गड्याने १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगायची इंधनाची जादा टाकी स्वस्तात घेतली आणि तिच्यातच इंजिन आणि स्वतःला बसवून सरोवरावर शर्यत केली. पाण्याच्या थेंबासारखा आकार आयताच मिळाला होता. अशीच टाकी घेऊन सो-कॅल स्पीड शॉपच्या मंडळींनी १९५२ मध्ये यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांची मजल मारली.

असा आयता आकार दरवेळी कुठून मिळणार? म्हणून आता कामाच्या मुळाशी जाऊ.

पत्रा एका दिशेने वाकवणे हे काही कौशल्य नव्हे. नळकांडे कोणीही वळवील. मोटारीचा मडगार्ड मात्र एकाच वेळी दोन दिशांनी वळलेला असतो, लांबीतही आणि रुंदीतही. वर्तमानपत्राचे पान नारळाला गुंडाळून पाहा: कडेला सुरकुत्या पडल्याशिवाय ते बसणार नाही, आणि सुरकुत्या नको असतील तर ते फाटेल. ही कागदाची खोड नाही, भूमितीचा नियम आहे. कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये तो सिद्ध केला. सपाट पृष्ठाला ताणल्या-आक्रसल्याशिवाय गोलाचा आकार देता येतच नाही. पत्रा घडवणाऱ्याने गाउसचे नाव ऐकलेले नसेल, पण तो दिवसभर त्याच प्रमेयाशी झटापट करत असतो. त्याच्याकडे दोनच उपाय आहेत. पत्रा कुठेतरी ताणून लांब करायचा, किंवा कुठेतरी आक्रसून आखूड करायचा. बाकी सगळी हत्यारे, सगळी यंत्रे या दोन क्रियांची चाकरी करतात.

ताणणे तुलनेने सोपे. वाळू किंवा छर्रे भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचे. ठोक्याखाली पत्रा पातळ होतो आणि पसरतो. पसरायला बाजूला जागा नसल्याने वाटीसारखा खोल जातो. या टप्प्यावर त्याच्याकडे पाहिले तर अपघातातून आलेला वाटावा, इतका पोचे पडलेला दिसतो. आक्रसणे अवघड. त्यासाठी पत्र्याच्या कडेला मुद्दाम चुण्या पाडायच्या आणि चुणी उलगडून निसटायच्या आत तिला ठोकून तिच्यातच जिरवायचे. जिरलेला पत्रा कुठे जातो? जाडीत. कडेला पत्रा मुळापेक्षा जाड झालेला असतो. धातू इतका मवाळपणे स्वतःत मिसळतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

या झटापटीत धातू ताठर होत जातो. ठोक्यागणिक त्याच्या स्फटिकांतली रचना गुंतते आणि तो आणखी वळायला नकार देतो; तरी दामटले तर चिरतो. मग त्याला तापवून मऊ करावे लागते. पोलाद तापले की लाल दिसते, त्यामुळे अंदाज येतो. ॲल्युमिनियमची पंचाईत अशी की ते वितळेपर्यंत रंग बदलत नाही. क्षणापूर्वी जसेच्या तसे असलेला पत्रा क्षणानंतर जमिनीवर थेंब होऊन पडतो. यावर कारागिरांनी काढलेली युक्ती मला या सगळ्या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. गॅसच्या टॉर्चमध्ये ऑक्सिजन बंद ठेवून नुसता ॲसिटिलीन पेटवला की तो धूर ओकतो. त्या धुराची काजळी पत्र्यावर धरायची. मग ऑक्सिजन सोडून ज्योत निळी करायची आणि ती पत्र्यावर फिरवायची. काजळी जिथे जळून नाहीशी झाली, तिथे धातू हवा तितका तापला. तापमापकाचे काम काजळी करते.

ओबडधोबड आकार आला की पत्रा 'इंग्लिश व्हील'वर जातो. नाव भारदस्त, पण यंत्राला मोटर नसते. माणसाच्या उंचीची, 'सी' अक्षरासारखी जाडजूड बिडाची किंवा पोलादाची चौकट. तिच्या जबड्यात वर एक मोठे सपाट चाक, खाली एक लहान, किंचित फुगीर चाक. दोहोंमधून पत्रा पुढे-मागे ढकलायचा. प्रत्येक फेरीत केसाएवढ्या पट्टीवर तो दाबला जातो, किंचित पातळ होतो आणि किंचित वर उचलला जातो. फेऱ्या एकमेकींना चिकटून, समांतर पडाव्या लागतात. दाब थोडा जास्त झाला की ताण जास्त, आणि ताणलेले परत आक्रसणे म्हणजे दुप्पट काम. खालची चाके वेगवेगळ्या फुगवट्यांची असतात. कुठे कोणते लावायचे ते पत्र्यावरून फिरवलेला तळहात सांगतो. कसलेला कारागीर हातात सुती मोजा चढवून पृष्ठ चाचपतो, कारण त्वचा कापडाखालून सरकली की डोळ्याला न दिसणारा उंचवटा लागतो.

आकार बरोबर आहे की नाही हे कसे ठरवायचे? त्यासाठी आधी लाकडाच्या फळ्यांचा एक सांगाडा तयार करतात, जहाजाच्या बरगड्यांसारखा आडवा-उभा. हव्या त्या मोटारीचा तो नकाशाच असतो, पण तीन मितींतला. त्यावर कागद पसरतात. कागदाला जिथे सुरकुती पडते तिथे पत्रा आक्रसायचा आहे. कागद जिथे कापल्याशिवाय बसत नाही तिथे तो ताणायचा आहे. म्हणजे ठोकायला सुरुवात करण्याआधीच कागदाने सारा आराखडा सांगून टाकलेला असतो. मोठा मडगार्ड एका तुकड्यात कधीच करत नाहीत. तीन-चार तुकडे वेगवेगळे घडवून जोडतात.

इथे वेल्डिंग येते, आणि बरीच चांगली कामे इथेच बिघडतात. तापलेला सांधा थंड होताना आक्रसतो आणि भोवतालच्या पत्र्याला स्वतःकडे ओढतो. सुंदर वळलेला पत्रा वेल्ड होताच सांध्याच्या रेषेत खचतो. म्हणून सांध्याखाली डॉली, म्हणजे हातात मावणारा पोलादी ठोकळा, धरून वरून हातोडीने ठोकत ठोकत त्याला पुन्हा ताणून पूर्वपदावर आणतात. यासाठी सांधा मऊ हवा. जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगने तो मऊ राहतो. टिग वेल्डिंगचाही चालतो. गॅरेजांत सर्रास असणाऱ्या तारेच्या मिग वेल्डिंगचा सांधा कडक होतो आणि हातोडीला दाद देत नाही.

आता मोटारीकडे परत येऊ. हॉट रॉडवरची सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया म्हणजे 'चॉप', टप खाली आणणे. काचांच्या भोवतालचे खांब कापायचे, त्यांतून तीन इंच काढून टाकायचे आणि टप परत बसवायचा. ऐकायला सोपे आहे. पण मोटारीचे खांब सरळ उभे नसतात, ते आत कललेले असतात. तीन इंच खाली आलेल्या टपाचे कोपरे खालच्या खांबांशी जुळतच नाहीत. खालची चौकट वरच्यापेक्षा मोठी ठरते. मग टपाचे चार तुकडे करून ते एकमेकांपासून दूर सारतात आणि मधली फट नव्या पत्र्याने भरतात. १९३२ च्या फोर्डमध्ये आणखी एक भानगड आहे. तिच्या टपाच्या मध्यभागी पोलाद नाहीच, मेणकापडासारखे आच्छादन आहे. एवढा मोठा पत्रा एका दाबात साच्यातून काढण्याची सोय तेव्हा नव्हती. जनरल मोटर्सने सबंध पोलादी टप १९३५ च्या गाड्यांवर आणला. म्हणून जुन्या फोर्डच्या टपाचे भोक बुजवणे हा हॉट रॉड करणाऱ्याचा जणू प्रवेशपरीक्षेचा पेपर असतो. वरवर सपाट दिसणारा तो तुकडा खरा घात करतो. त्यात फुगवटा जेमतेम असतो. थोडा कमी पडला की बोटाने दाबताच पत्रा 'टॉक' करून आत जातो आणि परत बाहेर येतो. डब्याच्या झाकणासारखा वाजणारा टप हा कारागिराच्या नावाला बट्टा.

खालून गाडी बुटकी करण्याचे प्रकार वेगळे. 'चॅनेल' करताना तळाचा पत्रा कापून सबंध बॉडी चासीच्या दांड्यांवर खाली उतरवतात. 'सेक्शन' करताना बॉडीच्या मधोमध आडवी पट्टी कापून काढतात, दारे, मडगार्ड, बॉनेट सगळ्यांतून, आणि वरचा-खालचा भाग पुन्हा जुळवतात. प्रत्येक सांधा पुढच्या सांध्याशी एका रेषेत यायला हवा. बर्बँकचे व्हॅली कस्टम शॉप १९५० च्या दशकात यात निष्णात मानले जाई.

याच कामाचा दुसरा फाटा म्हणजे 'कस्टम' मोटारी. तिथे वेगाचे सोयरसुतक नसते. मोठी, जड गाडी घ्यायची आणि तिला रेखीव करायचे. लॉस एंजेलिसजवळ लिनवुडला जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांचे दुकान होते. जॉर्ज प्रसिद्धीत वाकबगार. पुढे १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतली बॅटमोबील त्याच्याच दुकानातून आली. पत्र्याचा जाणकार मात्र सॅम. १९५२ मध्ये त्यांच्याकडे बॉब हिरोहाटा या तरुणाची १९५१ ची मर्क्युरी आली. तिचा टप पुढून चार इंच आणि मागून सात इंच खाली आणला गेला. पुढे आणि मागे वेगवेगळे माप, म्हणजे सारे वळणच नव्याने घडवणे आले. दोन काचांमधला खांब काढून टाकला आणि काचेभोवतीची चौकट हाताने वळवून अशी बेमालूम बसवली की जणू कारखान्यातून तशीच निघाली असावी. ही मर्क्युरी पुढे हातोहात फिरली आणि वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात बेवारशासारखी उभी राहिली. १९५९ मध्ये एका शाळकरी वयाच्या मुलाने ती ५०० डॉलरना घेतली आणि जन्मभर सांभाळली. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात तिच्यावर जवळपास वीस लाख डॉलरची बोली लागली.

त्या काळी सांधे झाकायला आजची पुट्टी, आपल्या गॅरेजांतली लांबी, नव्हती. शिसे वापरत: साधारण ७० टक्के शिसे, ३० टक्के कथील. या मिश्रणाची खुबी अशी की ते एकदम वितळत नाही. सुमारे १८३ अंश सेल्सियसला मऊ पडते आणि २५० च्या वर जाईपर्यंत लोण्यासारखे राहते. त्या मधल्या अवस्थेत मेण किंवा चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने ते पसरवतात. त्याआधी पत्र्याला चक्क कल्हई करावी लागते, नाहीतर शिसे धरत नाही. उभ्या पत्र्यावर हे काम करताना ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर सगळे ओघळून बुटावर पडते. वर शिशाची धूळ विषारी, म्हणून घासत नाहीत. वाकड्या दातांच्या कानशीने खरवडतात, म्हणजे धूळ न उडता चिपा पडतात. पुढे प्लास्टिकची पुट्टी आली आणि शिसे मागे पडले. त्याबरोबर एक वाईट सवयही आली: पत्रा ओबडधोबड सोडायचा आणि वरून बोटभर लांबी थापायची. यातले खरे पट्टीचे लोक शिसेही टाळतात. कानस फिरवली की उंच जागा चकाकते आणि खोल जागा काळी राहते. ती खालून टिचकीएवढ्या ठोक्याने उचलायची, पुन्हा कानस फिरवायची, असे करत नुसत्या धातूचेच पृष्ठ एकसारखे करतात.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम होते. भांडे घडवून झाल्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोका देत सगळे पृष्ठ मठारायचे, त्याने तांबे ताठही होते आणि चकाकतेही. कॅलिफोर्नियातला कारागीर पत्र्यावर शेवटचा हात फिरवतो तेव्हा तो मठारतच असतो. फरक इतकाच की तांबट आपले ठोके मिरवतो, आणि मोटारीवरचा एकही ठोका दिसता कामा नये.

१९५० च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला हॉट रॉडचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. अमेरिकेतली सर्वांत देखणी रोडस्टर (उघड्या टपाची दोन आसनी गाडी) म्हणून तिथे बिल नीकँपच्या १९२९ च्या फोर्डला नऊ फूट उंचीचा चषक मिळाला. ही नुसती शोभेची गाडी नव्हती. नंतर एल मिराजवर ती ताशी १४० मैलांहून जास्त वेगाने पळाली. पुढच्या पिढ्यांत हे दोन गुण एका गाडीत नांदणे विरळ होत गेले. डिस्नेलँडमध्ये यंत्रकारागीर म्हणून काम केलेल्या बॉइड कॉडिंग्टनने स्टँटनला दुकान काढले आणि १९८० च्या दशकात हॉट रॉडला दागिन्याची सफाई आणली. त्याच्याच दुकानात क्रेग नॅफ या कारागिराने झीझी टॉप या वाद्यवृंदाच्या बिली गिबन्ससाठी १९४८ च्या कॅडिलॅकची 'कॅडझिला' केली. मूळ गाडीशी तिचे नाते एखाद्या दूरच्या पणजोबाइतकेच उरले. मार्सेल डीले आणि त्यांच्या मुलांनी कोरोना गावात हाताने घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या याच काळातल्या. १९९७ मध्ये पेबल बीचच्या अभिजात मोटारींच्या मेळाव्यात, जिथे तोवर राजेरजवाड्यांच्या गाड्यांनाच मान होता, हॉट रॉडचा वर्ग सुरू झाला. २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने १९३२ च्या फोर्डची तिकिटे काढली.

आज ओहायोतली ब्रुकव्हिल नावाची कंपनी १९३२ च्या फोर्डची कोरी पोलादी बॉडी साच्यातून काढून विकते. चासी नवी मिळते, इंजिन नवे मिळते. म्हणजे हेन्री फोर्डचा एकही बोल्ट नसलेली १९३२ ची फोर्ड घरी जोडता येते. जुने खोड याला नाके मुरडतात. मला त्यात गैर काही दिसत नाही, फक्त त्या गाडीला हाताने घडवलेली म्हणू नये.

आपल्याकडे हा छंद रस्त्यावर आणायला कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. इंधन बदलणे किंवा त्याच प्रकारचे इंजिन बसवणे यांसारख्या मोजक्या गोष्टींना परवानगी मिळते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितले. त्यामुळे कोणी अंबॅसेडरचा टप चार इंच कापला, तर ती गाडी आवारातच ठेवावी लागेल.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी मात्र एक करावे. ओकलंडला सुरू झालेले ते प्रदर्शन आता लॉस एंजेलिसजवळ पोमोनाला, दर हिवाळ्यात भरते. तिथे चकाकणाऱ्या इंजिनांपुढे फार वेळ घालवू नका. गाडीच्या बाजूला, दाराच्या उंचीला वाका आणि छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पुढच्या मडगार्डपासून मागच्यापर्यंत नजरेने पकडा. ते दाराच्या फटीवर, खांबाच्या बुडाशी किंवा टपाच्या कोपऱ्यात जरा जरी लचकले, तर तिथे कोणाची तरी घाई झाली आहे.